मोरसचा एक मोकळा दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कुणीतरी प्रवासावर चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. चिटणीसबाई म्हणाल्या, "मॉरिशसचं वर्णन करा." पण मी समुद्राचे वर्णन करणार नाही. तो कसा निळा होता, हे आम्ही चौघींनी मोबाइलमधली छायाचित्रे दाखवून तुम्हांला इतक्यांदा सांगितले आहे की, आता आम्ही पिशवीत हात घातला तरी तुम्ही उठून जाता! मी आज फक्त एका दिवसाची हकिकत सांगणार आहे. त्या दिवशी आम्ही त्या बेटावर आमची स्वतःची गाडी आणि स्वतःचा वाटाड्या ठरवून हिंडलो. असा दिवस कसा ठरवावा आणि तो कशासाठी ठरवावा, एवढेच मला सांगायचे आहे.

आम्ही गेलो होतो एका यात्रा कंपनीबरोबर. चाळीस माणसे, एक मोठी बस, एक व्यवस्थापक आणि सकाळी सातला दारावर टकटक. कंपनीला मी नावे ठेवणार नाही. जेवण वेळेवर मिळाले, सामान हरवले नाही, आणि एकटीदुकटी बाई एरवी जिथे गेली नसती तिथे ती जाऊन आली. पण चाळीस माणसांची बस म्हणजे लग्नाची पंगत. वाढपी पुढे गेला की गेला. आपल्या पानावर काय राहिले, हे पाहायला तो मागे येत नाही.

माझ्याबरोबर माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे, आणि स्वभाव असा की, पाणी हवे असले तरी आधी दुसरीला विचारतील, "तुला हवंय का?" पहिल्या दिवशी आम्ही बेटाचा दक्षिणेकडचा भाग पाहिला. गंगातलाव झाला, शामारेलची सात रंगांची माती झाली. ज्वालामुखीच्या खडकाचा झिजून झिजून चिखल झाला, त्यातल्या लोहाच्या आणि ॲल्युमिनियमच्या प्रमाणाप्रमाणे त्याला तांबडा, तपकिरी, जांभळा असे रंग चढले. मोठी नवलाची जागा आहे. पण दोन्ही ठिकाणी बस लांब उभी राहिली, वेळ वीस-पंचवीस मिनिटांचा, आणि व्यवस्थापक अगदी आदराने म्हणाला, "आजी, तुम्ही बसमध्येच बसा. आराम करा." त्या बसल्या. आम्ही परत आलो तेव्हा खिडकीशी होत्या तशाच होत्या. मला म्हणाल्या, "छान होतं का गं?" मैत्रिणींनो, मी "छान होतं" म्हटले खरे, पण माझे मला ओशाळवाणे वाटले.

दुसऱ्या दिवशी पोर्ट लुई ही राजधानी. तिथे बंदराच्या काठी बाजारपेठ आहे, खरेदीसाठी तास दिला होता. जाऊबाईंनी व्यवस्थापकाला हळूच विचारले, "इथे जवळ कुठेसा तो घाट आहे ना, आपली माणसं उतरली तो?" तो म्हणाला, "आजी, तो आपल्या कार्यक्रमात नाही." कार्यक्रमात नव्हता हे खरेच. पण तो घाट बाजारापासून दहा-बारा मिनिटांच्या चालीवर होता, हे मला रात्री कळले. आणि त्या का विचारत होत्या तेही रात्रीच कळले.

जाऊबाईंचे माहेर रत्नागिरीकडचे. त्यांच्या माहेरी सर्वपित्री अमावास्येला एक पान जास्त वाढीत. ते कुणाचे, तर "मोरसला गेलेल्याचे". पणजोबांचा धाकटा भाऊ तरुणपणी मुंबईस गेला, तिथून गलबतात बसून मोरसला गेला आणि परत आला नाही. त्याचे नावसुद्धा घरात उरले नव्हते. मोरस म्हणजे मॉरिशस. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल, पांढऱ्या दाणेदार साखरेला आपल्याकडे मोरस साखर म्हणत. ती साखर त्या बेटावरून येई, आणि ऊस लावायला माणसे इथून जात. पन्नास वर्षे या बाईंनी मला ही गोष्ट सांगितली नव्हती. का? तर कुणी विचारले नव्हते!

चौथ्या दिवशी आमच्या कार्यक्रमपत्रिकेत "मोकळा दिवस" असे छापले होते. मी ठरवले की, तो दिवस जाऊबाईंचा. आमच्यातल्या आणखी दोघी तयार झाल्या. घरी फोन केला तर आमच्याकडे म्हणाले, "बसचे पैसे भरलेत ना? मग आणखी गाडी कशाला?" हा प्रश्न तुम्हांलाही विचारला जाईल, म्हणून उत्तर सांगून ठेवते. गाडीचे भाडे गाडीला असते, माणशी नसते. एकटीला ते जड वाटते. चौघींत वाटले की, बसच्या एका दिवसापेक्षा थोडेसेच जास्त पडते.

आता ठरवण्याची हकिकत. हॉटेलातल्या मुलीने दोन नंबर दिले, आणि आमच्यातल्या एकीच्या भाचीने तिकडे आधी जाऊन आल्यामुळे एक दिला. तिघांना मी मोबाइलवर एकच मजकूर पाठवला: चार बायका, एकीचे गुडघे दुखतात, आप्रवासी घाट पाहायचाच आहे, गंगातलावाला दर्शन घ्यायचे आहे, आणि जमल्यास शामारेल.

पहिल्याचे उत्तर दोन मिनिटांत आले. "सगळं होईल मॅडम!" शिवाय पँपलमूसची बाग, ल मॉर्नचा डोंगर आणि समुद्रातले डॉल्फिनही दाखवतो म्हणाला, आणि भाव सर्वांत कमी. दुसऱ्याने छापील यादी पाठवली. ठिकाणे ठरलेली, वेळा ठरलेल्या, बदल करता येणार नाही. तिसऱ्याने उत्तर दिलेच नाही. उलट मलाच प्रश्न विचारले. माताजींना किती पायऱ्या चढवतात? उंच गाडीत चढता येईल, की बुटकी गाडी आणू? दुपारचे जेवण शाकाहारी हवे का? आणि शेवटी लिहिले, "तुम्ही सांगता ते सगळं एका दिवसात होईल, पण घाईनं होईल. घाई नको असेल तर शामारेलची आशा धरू नका. वेळ उरला तर जाऊ." त्याचा भाव पहिल्याच्या सव्वापट होता.

मी त्याला ठरवला. मैत्रिणींनो, प्रवासाला गाडी ठरवताना हे मनात धरा. जो प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणतो त्याने आपले म्हणणे ऐकलेले नसते. ज्याला "नाही" म्हणता येते, त्याच्या "हो"ला किंमत असते.

मग मी वही काढली आणि एकेक गोष्ट पक्की केली. ती यादी सांगते; हवी तर लिहून घ्या.

भाव कोणत्या पैशात, हे पहिले. मॉरिशसलाही रुपयाच चालतो, पण तो त्यांचा रुपया आहे आणि आपल्या रुपयाहून महाग आहे. आमच्यातल्या एकीने आकडा ऐकून "अगबाई, किती स्वस्त!" म्हणून टाळी वाजवली होती, ती नंतर तिने मागे घेतली. दुसरे, दिवस किती तासांचा, आणि वर तास झाला तर त्याचे किती. तिसरे, पेट्रोल, गाडी उभी करण्याचे पैसे, प्रवेशाची तिकिटे आणि सारथ्याचे जेवण यांतले भाड्यात काय धरले आहे. चौथे, गाडी चालवणारा आणि माहिती सांगणारा एकच की वेगळे, आणि तो कोणत्या भाषेत बोलणार. आमचा माणूस हिंदी बोलणारा होता. त्याच्या हिंदीत भोजपुरीचा गोडवा होता. पाचवे, प्रवासी नेण्याचा परवाना आहे ना. सहावे, वाटेत दुकानांत नेणार का. हे संकोच न धरता विचारावे. "आम्हांला दुकान नको" असे आधी सांगितले म्हणजे वाटेत रुसवेफुगवे होत नाहीत. सातवे, पाऊस पडला किंवा कुणी आजारी पडले तर आगाऊ रकमेचे काय. आणि आठवे, बायकांनी तर आधी विचारायचे: स्वच्छतागृह कुठे कुठे आहे. हे विचारायला आपण लाजतो, आणि मग दिवसभर पाणी पीत नाही. आठही गोष्टींची उत्तरे मी लेखी मागून घेतली. थोडी रक्कम आगाऊ दिली, बाकीची संध्याकाळी.

आता तुम्ही म्हणाल, एवढे सगळे पक्के केले तर दिवस मोकळा कसला? मला वाटते, मोकळा दिवस म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. दोन टोकांना खुंट्या घट्ट हव्यात, म्हणजे मध्ये दोरीला झोळ देता येतो. आमच्या खुंट्या दोनच: सकाळी घाट, दुपारी गंगातलाव. मधले सगळे सैल.

जुलै महिना होता. तिकडे ते थंडीचे दिवस. संध्याकाळी सहाच्या आत सूर्य मावळतो. म्हणून आठाला निघालो. जाऊबाईंना पुढच्या जागेवर बसवले. "मी पुढे? तुम्ही बसा ना कुणी," असे तीनदा झाले. सारथ्याने दार उघडून म्हटले, "माताजी, आज गाडी आपकी है." मग त्या बसल्या.

घाट उघडला तेव्हा आम्ही दारात होतो. पूर्वी त्याला कुली घाट म्हणत. २००६ साली तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. १८३४ च्या २ नोव्हेंबरला 'ॲटलास' नावाच्या जहाजाने छत्तीस मजूर पोर्ट लुईला आले, आणि १९२० पर्यंत त्या बेटावर हिंदुस्थानातून सुमारे पाच लाख माणसे करारावर उतरली. गुलामगिरी कायद्याने बंद झाली तेव्हा मळेवाल्यांना हात हवे होते. ते हात असे आणले. कलकत्त्याहून पुष्कळ, मद्रासेहून बरेच आणि मुंबईहूनही काही. पाहायला गेले तर तिथे फार काही नाही. काळ्या दगडाच्या भिंती, स्वयंपाकघराचे, दवाखान्याचे अवशेष, आणि पायऱ्या. साध्या, आपल्या कुठल्याही नदीच्या घाटावर असतात तशा. जहाजातून आलेला माणूस त्या पायऱ्या चढून वर येई, तिथे त्याची नोंद होई, नंबर मिळे आणि मग त्याला मळ्यावर धाडीत.

जाऊबाई त्या पायऱ्यांपाशी उभ्या राहिल्या. मग सारथ्याने कुठूनशी खुर्ची मागून आणली, तेव्हा बसल्या. किती वेळ? मी घड्याळ पाहिले नाही. नंतर हिशेब केला तेव्हा सव्वा तास निघाला. आम्ही तिघी आतले लहानसे संग्रहालय पाहून आलो तरी त्या बसलेल्याच होत्या. सारथी थोडा दूर उभा होता. त्याने एकदाही घड्याळ पाहिले नाही, गाडीची किल्ली वाजवली नाही. आम्ही भाडे कशाचे दिले, असे मला कुणी विचारले तर मी सांगेन, त्या सव्वा तासाचे दिले. बाकी सगळे वरकड.

मग त्यांनी त्याला विचारले, "त्यांना परत जाता येत होतं का?" तो म्हणाला, "काही गेले माताजी. बहुतेक राहिले. आमचे आजेपणजे राहिले." त्याने सांगितले की, मोका येथे महात्मा गांधी संस्था आहे, या मजुरांच्या नोंदवह्या तिथे जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचे नाव, गाव, जहाज, सगळे त्यांत आहे, आणि वंशज जाऊन उतारा मागतात. माझ्या मनात आशा उगवली. पण त्याने जाऊबाईंना विचारले, "नाव काय होतं?" त्या म्हणाल्या, "नावच माहीत नाही रे बाबा." तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग सापडणार नाहीत, माताजी. मी तुम्हांला तिथं नेऊ शकतो, पण सापडणार नाहीत." दुसऱ्या कुणी चार पैशांच्या आशेने तिकडे गाडी वळवली असती. जाऊबाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. जागा पाहिली, पुरे." आणि काही वेळाने, "पण इथं आपली मराठी माणसं आहेत का?"

तेवढ्यावर आमचा दिवस बदलला. त्याने तिथल्या तिथे कुणाला तरी फोन लावला. मग म्हणाला, "ब्लॅक रिव्हर भागात आहेत. गंगातलावाहून तुमच्या हॉटेलकडे परत जाताना वाट तिकडूनच नेतो."

दुपारी गंगातलाव. तो ज्वालामुखीच्या मुखात साठलेला तलाव, उंचावर. वर भुरभुर पाऊस आणि शाल घ्यावी असा गारठा. काठावर २००७ साली उभारलेली १०८ फुटांची शंकराची मूर्ती. महाशिवरात्रीला बेटावरचे लोक इथे पायी येतात. या खेपेस गाडी देवळाच्या अगदी जवळ गेली. जाऊबाईंनी स्वतः पायऱ्या उतरून पाण्याला हात लावला. चार पायऱ्याच होत्या. पण परवा त्या चार पायऱ्या बसपासून फार दूर होत्या. वाटेत आम्ही रस्त्याकडेच्या गाडीवर गरम दालपुरी खाल्ली. चण्याच्या डाळीच्या पुरणाची ती पातळ पोळी, आत भाजी आणि चटणी. गोड नाही एवढाच आपल्या पुरणपोळीशी फरक.

परतीला उतारावर शामारेलची पाटी आली. सारथ्याने गाडी हळू केली आणि म्हणाला, "माताजी, इथे वळलो तर रंगीत माती दिसेल, पण मग मराठी वस्तीला जाईपर्यंत अंधार होईल. तुम्ही सांगाल ते." आम्ही तिघी गप्प. जाऊबाईंनी सरळ सांगितले, "माती नको. माणसं बघू."

भगिनींनो, परवाही त्यांनी ती माती पाहिली नाही आणि आजही पाहिली नाही. हिशेबाने दोन्ही सारखेच. पण परवा त्यांना बसवून ठेवले होते, आणि आज त्यांनी स्वतः सोडून दिली. या दोहोंतला फरक ज्या बाईला कळला नाही, तिने आयुष्यात कधी स्वतःचा एकही दिवस पाहिला नाही असे मी म्हणेन.

ऊन कलताना आम्ही एका लहान गावात पोचलो. गणपतीचे छोटे देऊळ, अंगणात तुळस, शेजारी घर. मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते, हे तिथेच कळले. घरातून एक म्हातारी बाई आली. तिची बोली क्रिओल. नात शाळेत मराठी शिकलेली. ती पुस्तकातल्यासारखे एकेक वाक्य जुळवून आमच्याशी बोलली. आजीला मात्र मराठी वाक्य येत नव्हते, सुटे शब्द येत होते. आई. देव. भात. बस. तेवढ्या चार शब्दांवर त्या दोघी म्हाताऱ्या अर्धा तास बोलत बसल्या. काय बोलल्या, मला माहीत नाही. निघताना तिने देवापुढची वाटी आणली आणि जाऊबाईंच्या हातावर प्रसाद ठेवला. साखर होती. जाऊबाई त्या साखरेकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी अर्धी तोंडात टाकली आणि अर्धी कागदात बांधून कनवटीला लावली.

यंदा सर्वपित्रीला माहेरच्या त्या जास्तीच्या पानावर ती चिमूटभर साखर वाढली गेली. त्यांच्या भाच्याने फोन करून मुद्दाम कळवले.

माझे सांगणे संपत आले. सगळ्यांनी मॉरिशसला जावे असे माझे म्हणणे नाही. पण पुढच्या महिन्यात आपल्या मंडळाची सहल घारापुरीला जायची आहे. तेही बेटच. गेटवेपासून लाँचने सुमारे तासाभराची वाट, आणि धक्क्यापासून लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. गेल्या खेपेस आपण सात जणींना "तुम्ही खालीच बसा, आम्ही येतो" असे सांगितले होते. त्या सात जणी या सभागृहात आहेत. तिथे धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे, वर न्यायला डोलीही मिळते. तिचा भाव आधी ठरवता येतो, घाई न करणारा वाटाड्या आधी सांगून ठेवता येतो, आणि परतीची लाँच एक उशिराची धरता येते. सोमवारी लेणी बंद असतात, एवढे ध्यानात ठेवून वार निवडू.

आणि यंदा सहलीची वर्गणी गोळा करताना चिटणीसबाईंनी प्रत्येकीला एक प्रश्न विचारावा, अशी माझी सूचना आहे: "तुम्हांला तिथे काय पाहायचे आहे?" उत्तर लगेच येणार नाही. आपल्याला विचारून घ्यायची सवय नाही. पण जरा थांबावे. आमच्या जाऊबाईंना उत्तर द्यायला पन्नास वर्षे लागली.